ज्याले होऊन गेला त्याले भेव नाही

दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "नर्सबाई, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा की." मी म्हटलं, गमती पोतंभर आहेत, पण लिहायला बसलं की एकच गोष्ट आडवी येते आणि ती मला अजून धड कळलेली नाही. "मग न कळलेलीच लिहा," बाई म्हणाल्या. आता त्यांनीच असं म्हटलंय, तेव्हा वाचून डोक्यात गोंधळ झाला तर मला बोल लावू नका. माझ्या डोक्यात तो पन्नास वर्षं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्याचे. मी केनवडच्या उपकेंद्रात नर्स होते. बाळंतपणं, लशी, खोकल्याचं औषध, आणि वरून जे फर्मान येईल ते. एके वर्षी फर्मान आलं की एका मोठ्या शहरातल्या संस्थेचं पथक तापाचा अभ्यास करायला आपल्या भागात फिरणार आहे, त्यांना रक्ताचे नमुने काढून द्या. तेव्हापासून माझं नावच रगतवाली बाई पडलं. पोरं रडायला लागली की आया म्हणायच्या, "चूप बस, नाही तर रगतवाली येईल." मुलांच्या डोळ्यांसमोर मी काय म्हणून उभी राहत असेन, देव जाणे. देव जाणे हे आपलं बोलायचं म्हणून. आमचं घर छप्पन साली बुद्धाकडे वळलेलं, घरात देव नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे, त्याचा पुढे संबंध येतो.

काम सोपं होतं, माणसं अवघड होती. काचेची सिरिंज आणि सुया स्टोव्हवर उकळायच्या. दंडाला रबरी नळी आवळायची, शीर फुगली की सुई घालायची, रक्त नळीत घेऊन बूच लावायचं आणि नळी तिरपी ठेवून द्यायची. थोड्या वेळानं रक्त गोठून खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं. ते पाणीच आम्हाला हवं असायचं. एखादा ताप माणसाला येऊन गेला की शरीर त्या तापाशी लढायला जी हत्यारं बनवतं, ती त्या पिवळ्या पाण्यात असतात. डॉक्टरसाहेब त्यांना प्रतिपिंडं म्हणायचे. मी गावात हत्यारं म्हणायची, लोकांना लगेच कळायचं. मग ते पाणी बर्फाच्या थर्मासात घालून एस.टी.नं रवाना. बर्फ वाशीमहून भुशात गुंडाळून यायचा आणि येईपर्यंत निम्मा ड्रायव्हरच्या पायाशी वाहून जायचा.

एकाच माणसाचं दोनदा रक्त घ्यावं लागायचं, ताप असताना आणि बरा झाल्यावर. दुसऱ्या वेळी हत्यारं वाढलेली दिसली की कोणता ताप होता ते ठरायचं. पहिल्यांदा लोक देत. दुसऱ्यांदा गेलं की दार बंद. एक म्हातारी तर काठी टेकत उपकेंद्रावर आली आणि म्हणाली, "बाई, माहं रगत वापस दे. मराच्या टायमाले पुरं लागंन मले." तिला समजावता समजावता माझाच घसा सुकला. शेवटी तिला एक लोहाच्या गोळ्यांची पुडी दिली आणि यातून नवीन होतं म्हणून सांगितलं. ती पुडी हातात तोलून पाहत म्हणाली, "इतकुशी?" दुसरे एक पाटील होते. त्यांच्या घरात माझ्या हातचं पाणी चालत नसे, पण सुई चालायची. मी एकदा विचारलं, "दादा, सुईसुद्धा पाण्यातच उकळली आहे, कसं करता?" ते हसले आणि बाही वर केली.

माझ्याबरोबर गुलाबराव असायचा. उपकेंद्राचा शिपाई, गावचाच. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, तोंडभर वण. त्या वणांचा त्याला भारी अभिमान. देवीच्या साथीच्या काळात ज्याच्या तोंडावर वण, त्याला राजासारखा मान असे, कारण त्याला ती पुन्हा होत नाही. घरचे लोक रोग्याजवळ जायला कचरत तिथं गुलाबराव सरळ आत जायचा, रोग्याला खांद्यावर उचलून आणायचा. त्याच सुमारास देवीचा रोग देशातून हद्दपार होत आला होता आणि त्यात आपला थोडा हात आहे असं त्याला वाटायचं. तो होताच. त्याच्याकडूनच आमच्याकडे एक नियम पडून गेला होता, तो साहेब लोकही पाळत. नियम असा, ज्याले होऊन गेला त्याले भेव नाही. साथ आली की आधी विचारायचं, कोणाकोणाला होऊन गेला आहे? ते पुढे, बाकीचे मागे. गोवराचं असंच, कांजिण्यांचं असंच. यात चूक कुठे होती ते मला आजही दाखवता येत नाही.

हाडमोड्या ताप आमच्याकडे पहिल्यांदा पाहिला तो मंगरूळपीरला. उरुसाच्या गर्दीत पटकीच्या सुया टोचायची आमची ड्युटी लागली होती. मी, गुलाबराव आणि केनवडची दाई यमुनाबाई. मला परत बोलावलं म्हणून मी आधीच निघाले, आणि मागे राहिलेली ही दोघं तापानं आडवी झाली. अंगातलं एकेक हाड कोणी पिळतंय असं दुखतं म्हणे, डोळे हलवले तरी दुखतात. पण झालं काय, दोघंही आठवडाभरात उठली, भाकरी खायला लागली. गुलाबराव परत आला तो हसतच. "बाई, अजून एक पदवी भेटली मले. देवी झाली, हाडमोड्या झाला. आता मले यमबी हात लावत नाई."

त्यानंतर एक वर्ष मधे गेलं आणि दिवाळी तोंडावर असताना तोच ताप केनवडात घुसला. बहात्तरच्या दुष्काळापासून लोकांनी पाण्याची अशी धास्ती घेतली होती की पाऊस झाला तरी घराघरात रांजण, टाक्या, फुटके माठसुद्धा भरून ठेवलेले. त्या साठवलेल्या पाण्यात दिवसा चावणारा डास वाढतो हे आम्ही ओरडून सांगत होतो. लोक म्हणायचे, "डास परवडला बाई, तहान नाई परवडत." त्यांना तरी काय म्हणणार?

संस्थेचे डॉक्टरसाहेब जीप घेऊन आले आणि शाळेत मुक्काम ठोकला. तरुण माणूस, गोरापान, मराठी पुस्तकी, पण मनाचा चांगला. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, कोणाकोणाला हा ताप येऊन गेला आहे? गुलाबराव आणि यमुनाबाईंनी हात वर केले. ठरलं. ती दोघं तापाच्या गल्लीत घरोघर फिरतील, रोगी शोधतील, त्यांना शाळेत आणतील. आणि मी, मला काही झालेलं नव्हतं म्हणून, शाळेतच स्टोव्हपाशी बसून सुया उकळणार आणि येतील त्यांचं रक्त काढणार. मला राग आला. गल्लीतल्या बायकांना मी ओळखत होते, त्या माझ्याशी बोलत. तसं मी डॉक्टरसाहेबांना सांगितलंही. गुलाबराव मधे पडला. "बसा ना बाई चुपचाप. तुमी कच्चं मडकं हाय, आमी भाजेल मडकं. पान्यात कोनाले उतरवाचं?" यमुनाबाई तोंडात पान कोंबून खदखदा हसली. डॉक्टरसाहेबांनाही ते मडक्याचं पटलं. मी बसले.

गुलाबरावची बायको कौसल्या. तिच्या कडेवर रांगतं पोर होतं, दिलीप. गुलाबरावच्या घरी माझं येणंजाणं होतं. त्या गल्लीत घरातल्या कपातून मला पहिल्यांदा चहा कोणी दिला असेल तर तो कौसल्यानं, सासू डोळे वटारून पाहत असताना. तेव्हा ती माझी मैत्रीण म्हणा. तिनं नवऱ्याला हटकलं होतं म्हणे, "तुमीच काहून जाता पुढं पुढं?" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, मले होऊन गेला.

गुलाबराव आणि यमुनाबाई, दोघंही तापानं पडली. आधी यमुनाबाई. तिला एक दिवस कणकण आली, अंग जरा दुखलं, दुसऱ्या दिवशी ती पान चघळत एका बाळंतिणीच्या घरी हजर. मी तिचं रक्त घेतलं तर म्हणते, "घे बाप्पा, तापापेक्षा तुई सुईच जास्त दुखते." मग गुलाबराव. त्याचा ताप सणसणून चढला. तरी त्याला काळजी नव्हती, आम्हालाही नव्हती. होऊन गेलेला माणूस, निघेल दोनचार दिवसांत. त्याचंही रक्त मी घेतलं. दंड पुढे करून म्हणाला, "भारी माल हाय बाई, सांभाळून न्या."

आणि खरंच ताप उतरला. सकाळी कौसल्यानं शाळेत निरोप धाडला, उतरला म्हणून. मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, तेही खूश झाले. निरोप्याबरोबर मी परत सांगून पाठवलं की आराम करू दे, पेज पाज. इकडे कौसल्यानं काय केलं, तर देवी किंवा गोवर उतरल्यावर जे करतात ते सगळं केलं. तिच्या सासूनं तिच्यासमोर कितींदा केलेलं होतं. कडुलिंबाचा पाला घालून पाणी तापवलं, अंगणात पाट मांडला, नवऱ्याला बसवलं, डोक्यावरून पाणी घातलं, अंग पुसून हळदकुंकू लावलं आणि दहीभात भरवला. देवी शांत झाली, देवी घरून निघाली, असा त्याचा अर्थ. शेजारच्या बायका पाहायला आल्या होत्या.

दुपारी कौसल्या धावत शाळेत आली. पोर कडेवर, डोक्यावरचा पदर कुठच्या कुठे. "बाई, तो थंडा पडून राह्यला." मला तिचं बोलणंच कळेना. ताप उतरल्यावर माणूस थंड पडणारच ना? तरी मी गेले. बाजेवर गुलाबराव आडवातिडवा लोळत होता, पोट धरून. पाय हातात घेतले तर माठासारखे गार. नाडी बोटाला लागेना. हिरड्यांतून रक्त झिरपत होतं आणि त्याचं त्याला भान नव्हतं. अंगात ताप नाही, आणि माणूस तापात होता त्यापेक्षा वाईट. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ताप उतरला म्हणून कधी घाबरले नव्हते, त्या दिवशी घाबरले.

त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "बाई, मले तं होऊन गेला होता ना? मंग आता हे काय होय?"

मी गल्लीतल्या एका पोऱ्याला शाळेकडे पिटाळलं. डॉक्टरसाहेब धावत आले, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. त्यांचा चेहरा पाहून मी दिलीपला शेजारणीच्या हातात दिलं. जीप काढली. मागच्या बाकावर गुलाबराव, उशाशी कौसल्या, आणि मी सलाइनची बाटली हात उंच करून धरलेली. वाशीमचा रस्ता तेव्हा रस्ता म्हणावा असा नव्हता. प्रत्येक खड्ड्याला मी बाटलीकडे पाहायची आणि कौसल्या माझ्याकडे. दवाखान्यात त्यांनी सगळं केलं जे तेव्हा करता येत होतं. दिवे लागायच्या आत गुलाबराव गेला.

आता माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं, निदान आम्हाला नव्हतं. या तापात खरा धोका ताप उतरताना असतो. रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, आणि माणूस आतल्या आत कोरडा पडतो. पण गल्लीला कारण हवं होतं आणि ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. सकाळी बरा होता, बायकोनं पाणी घातलं, दुपारी थंड पडला. सासूनं तर मयताच्या अंगणातच म्हटलं, "घाई नडली तुई. ओल्या आंगात थंडी शिरली." कौसल्या रडत नव्हती. ती एकच वाक्य म्हणत होती, "म्या गार केलं त्याले."

मी तिला धरून सांगितलं, "कौसल्या, पाण्यानं नाही गं. पाण्यानं असं होत नसते." तिनं विचारलं, "मंग कायनं?" मी धरलेला हात तिनं सोडवला. ती म्हणाली, "तुमी देवीले मानत नाई बाई, म्हनून तुमाले तसं वाटते."

उत्तर आणायला मी डॉक्टरसाहेबांच्या मागे लागले. ते नमुने घेऊन गेले आणि बऱ्याच महिन्यांनी परत आले. त्यांच्या संस्थेत तपासणी कशी करतात ते त्यांनी मला सांगितलं होतं. बदकाच्या जातीचा एक मोठा पक्षी असतो, त्याच्या रक्ताच्या पेशी घ्यायच्या. तापाचा विषाणू त्या पेशींच्या गुठळ्या करतो. माणसाच्या पिवळ्या पाण्यात हत्यारं असली तर ती विषाणूला अडवतात, गुठळ्या होत नाहीत. मग ते पाणी ताकात पाणी घालावं तसं पातळ करत जायचं, आणखी पातळ, आणखी पातळ. जितकं पातळ करूनही काम करतं, तितकी हत्यारं जास्त. गावात ही बातमी फुटली तेव्हा आपल्या रक्तात बदकाचं रक्त मिसळतात म्हणून महिनाभर कोणी दंड पुढे केला नव्हता.

मी विचारलं, "साहेब, गुलाबरावच्या रक्तात हत्यारं कमी होती का?"

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. "कमी? नर्सबाई, या गावात सर्वांत जास्त त्याच्याच रक्तात होती. तो सर्वांत सुरक्षित असायला हवा होता."

"मग?"

"परदेशात काहीजण म्हणतात की हा ताप दुसऱ्यांदा येतो तेव्हा जास्त घातक होतो. त्याचे प्रकार एकाहून अधिक आहेत. एकाची हत्यारं दुसऱ्यावर नीट चालत नाहीत, उलट त्यालाच मदत करतात."

"मग यमुनाबाई? तिलाही दुसऱ्यांदाच होता. मंगरूळपीरला दोघं एकाच खोलीत पडली होती."

"तेच तर. तिच्या रक्तातली हत्यारं जवळजवळ त्याच्याएवढीच आहेत," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं शाळेच्या पायरीवर बसून राहिलो. इतका शिकलेला माणूस आणि माझ्याइतकाच गोंधळलेला. मला त्याचं बरंही वाटलं आणि वाईटही. कौसल्याला नेऊन देण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी मी जाऊन एवढं सांगितलं की तुझ्या माणसाचं रक्त गावात सगळ्यात जोरदार निघालं. तिनं ते ऐकून घेतलं. "मंग म्याच मारलं ना त्याले," ती म्हणाली. "इतक्या जोरदार मानसाले दुसरं कोन मारन?"

बघा, मी समजूत काढायला गेले आणि तिची गाठ आणखी आवळून आले.

पुढे माझ्या बदल्या झाल्या. मानोऱ्याला होते, पोहरादेवीच्या यात्रेत लशी टोचल्या, मंगरूळपीरला बरीच वर्षं काढली. मलाही मधे हाडमोड्या झाला, अंग मोडून निघालं, उठले. पण केनवडला जाणं सुटलं नाही. कौसल्यानं शेतात राबून दिलीपला वाढवलं. बाई खमकी, कोणापुढे हात पसरला नाही. फक्त एक गोष्ट मी पाहत आले. तिनं त्या पोराच्या अंगावर कधी पाणी घातलं नाही. लहान होता तेव्हा शेजारीण अंघोळ घालायची. गोवर निघून उतरला तेव्हाही शेजारीण. दिवाळीच्या पहाटे आई उटणं लावून न्हाऊ घालते ना, तेही नाही. कौसल्या पाणी तापवून द्यायची, तेल वाटीत काढून द्यायची आणि घरात जाऊन बसायची. गावाला वाटायचं, विधवा बाई, दिवाळीचं वाईट वाटत असेल. दिलीपलाही तेच वाटायचं. मला खरं माहीत होतं आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता माझी नात रेवती डॉक्टरसाहेबांच्या संस्थेसारख्याच एका प्रयोगशाळेत काम करते. मागच्या उन्हाळ्यात आली होती. बोलता बोलता हाडमोड्या तापाचं नाव निघालं, म्हणजे आजच्या भाषेत डेंग्यूचं, आणि मी सगळं तिच्यापुढे ओकून टाकलं. गुलाबराव, यमुनाबाई, एकसारखी हत्यारं, एक मेला, एक पान खात फिरली. म्हटलं, सांग आता, तुमच्या मशिनींना काय कळतं?

रेवतीनं कागदावर बेचक्याच्या फांदीसारखं चित्र काढलं. "आजी, हे प्रतिपिंड. वरच्या दोन फांद्या विषाणूला धरतात. तुम्ही मोजत होता ते हे. पण खालच्या दांड्याकडे कोणी पाहत नव्हतं. हा दांडा आपल्या लढणाऱ्या पेशी हातात धरतात. या दांड्यावर साखरेची छोटी साखळी चिकटलेली असते."

"साखर? म्हणजे डायबेटीसची?"

"नाही गं! खाण्याच्या साखरेचा काही संबंध नाही. वेगळ्या साखरा, शरीरच बनवतं. त्या साखळीत एक ठरावीक कण असला की पेशींची पकड बेताची राहते. काही माणसांच्या प्रतिपिंडांत तो कण कमी असतो. मग पकड फार घट्ट बसते, पेशी चेकाळतात, आणि विषाणूबरोबर आपल्याच शरीराची नासधूस होते. डेंग्यूत जे फार आजारी पडतात, त्यांच्यात अशी प्रतिपिंडं जास्त सापडली आहेत."

"पण तो कण कोणात कमी, कोणात जास्त, असं का?"

"ते अजून पूर्ण कळलेलं नाही."

"म्हणजे गुलाबरावचं हेच झालं?"

"असू शकतं. नक्की नाही सांगता येणार, आजी. त्याचा नमुना आता कुठे आहे?"

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. पहिल्यांदा कळलं होतं, दुसऱ्यांदा ऐकताना निसटलं. हत्यार जास्त असून माणूस मरतो, ते हत्यारावरच्या साखरेच्या एका कणामुळे, आणि तो कण कोणत्याही डोळ्याला दिसत नाही. आम्ही आयुष्यभर हत्यारं मोजली, मुठीकडे पाहिलं नाही. पण पाहायचं तरी कशानं? माझ्याजवळ स्टोव्ह होता आणि एक थर्मास.

अर्धंमुर्धं डोक्यात असतानाच मी केनवडची एस.टी. धरली. विसरण्याआधी पोचायचं होतं.

कौसल्या अंगणात तूर निवडत बसली होती. म्हातारी झाली आहे, कंबरेतून वाकली आहे. मी बाजूला बसले आणि सांगायला लागले. साखर म्हटल्यावर ती म्हणाली, "चहात तं भरभरून लागे त्याले." मी म्हटलं, ती नाही. समोर विळा पडला होता, तो उचलला. "हे पाह्य, कौसल्या. विळ्याचं पातं तन कापते. गुलाबरावच्या रक्तात असे लय विळे होते, गावात सगळ्यात जास्त. पन मूठ वेगळी होती त्याहिची. मूठ हातात अशी गच्च बसे का हात थांबेच नाही. तनाबरोबर पीकबी कापून टाके. यमुनाबाईची मूठ तशी नव्हती. म्हनून थे वाचली."

"कोनं केली होती तशी मूठ?"

"कोनंच नाही. त्याच्या आंगातच तशी तयार झाली होती. पहिला ताप येऊन गेला, तवापासून."

तिनं सुपातली तूर एकदा हलवली. "मंजे मी पानी घातलं तवा..."

"तवा ते आतून सुरू झालं होतं. तू पानी नसतं घातलं तरी झालं असतं."

"हे तं तुमी तवाबी म्हनलं होतं."

"हाव."

"पन तवा तुमच्यापाशी कारन नव्हतं."

"नव्हतं."

"अन आता हाय?"

मी खोटं बोलू शकले असते. "आता अर्धं हाय," मी म्हटलं. "अर्धं अजून कोनालेच नाही समजलं."

कौसल्यानं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, पुन्हा देवीचं काढेल. पन्नास वर्षांनी आणलेलं उत्तर, आणि तेही अर्धं. तिनं तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "अर्ध्यानंबी लय झालं बाई."

मग ती रडली. गुलाबराव गेला तेव्हा रडली नव्हती, ते आत्ता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि माझंही तेच झालं.

थोड्या वेळानं दिलीप शेतातून आला. पन्नाशीचा माणूस, कानशिलं पांढरी, अंगभर धूळ. आम्हा दोघींचे डोळे पाहून तो दारातच थबकला. "काय झालं माय?"

कौसल्या उठली. चुलीवर पाण्याचं पातेलं होतं, ते फडक्यानं धरून तिनं अंगणात आणलं. बादलीत पाणी विसणलं, हात घालून पाहिलं, पुन्हा थोडं गरम ओतलं, पुन्हा पाहिलं. "सदरा काढ," ती म्हणाली. "बस इथं पाटावर. पाठ घासून देतो तुई."

"तू?" दिलीप माझ्याकडे पाहायला लागला. "बाई, हिले काय झालं आज? मी का लहान पोट्टं हाव?"

"बस ना रे बाबू," मी म्हटलं. "मायच्या हातचं पानी हाय. काई होत नाही."

तो सदरा काढून पाटावर बसला. कौसल्यानं तांब्या भरला, एक क्षण तसाच धरला, आणि त्याच्या डोक्यावर ओतला.